दुसरेपणाची सम्राज्ञी

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये मी नंबर लावून बसले होते. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि शांपूचा वास. साठीच्या पुढच्या एक बाई आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या. साधी सुती साडी, हातात भाजीची कापडी पिशवी, पाठीवर कमरेच्या खाली पोचणारी वेणी. पिकलेली, पण दाट. "मानेपर्यंत कापून टाक," त्या म्हणाल्या. कात्री घेतलेली मुलगी थबकली. "काकू, एवढे छान केस आहेत. काकांना विचारलंत का?" बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तू काप," एवढंच म्हणाल्या. मुलीनं वेणीला वर आणि खाली रबर लावलं आणि कात्री चालवली. दाट वेणी एका घावात तुटत नाही. कर्र, कर्र, कर्र असा चिवट आवाज येत राहतो, ओला ऊस चावल्यासारखा. त्या आवाजभर बाईंच्या पापण्या हलल्या नाहीत. मुलीनं तुटलेली वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. बाईंनी ती पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवली, पैसे दिले आणि छत्री उघडून निघून गेल्या. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर भाजी निवडताना, भांडी लावताना तो आवाज कानात होताच. त्याहून जास्त टोचत होता तो प्रश्न. काकांना विचारलंत का? मुलगी वाईट नव्हती, मायेनंच बोलली होती. चीनच्या चिंग घराण्यातल्या राण्यांविषयी हाताला लागेल ते वाचायचा मला बऱ्याच वर्षांपासून नाद आहे. त्या रात्री दिवा मालवल्यावर त्यांतली एक डोळ्यांसमोर आली आणि पहाटेपर्यंत गेली नाही.

7 एप्रिल 1765. हांगझोउ शहर, पश्चिम सरोवराचा काठ. सम्राट चियानलोंग आपल्या दक्षिणेच्या चौथ्या स्वारीवर आला होता. सोबत त्याची म्हातारी आई, सम्राज्ञी, इतर काही राण्या, हजारो माणसं, होड्या, घोडे. त्या दिवशी सरोवराकाठच्या एका रम्य जागी पंगत मांडली होती. त्या जागेचं नाव 'केळीच्या पानासारखा दगड, वाजती वीणा' अशा अर्थाचं आहे. चिंग दरबारात सम्राटाच्या प्रत्येक जेवणाची नोंद होत असे. काय रांधलं, कुठे वाढलं, आणि सम्राटानं आपल्या ताटातलं काय उचलून कुणाला पाठवलं. ताटातला पदार्थ पाठवणं ही मर्जीची खूण. त्या दिवशी सकाळच्या जेवणाच्या नोंदीत सम्राज्ञी आहे, तिला पदार्थ पाठवले गेले. संध्याकाळच्या नोंदीत लिंग, छिंग आणि रोंग या तीन राण्या आहेत. सम्राज्ञी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे त्या स्वारीतल्या एकाही जेवणात नाही. एवढ्या मोठ्या घटनेची पहिली खूण मुदपाकखान्याच्या वहीत सापडावी याचं मला फार वाटतं. घरात काहीतरी बिघडलं आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, पण पानं मांडताना एक पाट कमी पडतो.

त्या दोन जेवणांच्या मधे तिनं आपले केस कापले होते.

तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही. दप्तरात ती फक्त 'नारा घराण्याची' आहे. चिंग घराणं ज्या मांचू जमातीचं, तिच्यातल्या बायकांची नावं सरकारी कागदांत यायची नाहीत. घराणं आणि हुद्दा, एवढ्यावर त्यांची ओळख संपायची. सासरी आल्यावर नावासकट सगळं बदलून घेतलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायका मला आठवतात, त्यांना निदान बदललेलं का होईना, पण नाव होतं. हिचा जन्म 1718 चा. चियानलोंग अजून राजपुत्र असताना त्याच्या बापानं हिला त्याची दुय्यम बायको म्हणून दिली. 1765 मध्ये ती 47 वर्षांची होती. हांगझोउला पोचण्याच्या महिनाभर आधी, वाटेतच तिचा वाढदिवस झाला होता आणि तो रीतीप्रमाणे साजरा झाला होता. म्हणजे तोवर वरवर सगळं ठीक होतं.

मांचूंच्या लेखी केस म्हणजे काय, हे कळल्याशिवाय तिनं काय केलं ते कळत नाही. 1644 मध्ये मांचू बीजिंगच्या तख्तावर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चिनी पुरुषांना फर्मान काढलं: डोक्याचा पुढचा भाग भादरा आणि मागे आमच्यासारखी शेंडी-वेणी ठेवा. केस राखाल तर डोकं जाईल, अशी म्हणच त्यातून पडली, आणि ती म्हणण्यापुरती नव्हती. हजारो माणसं त्यापायी मेली. बायकांचा नियम वेगळा. मांचू बाई केस कापायची ते नवरा किंवा सासू गेल्यावर. एरवी कात्री लावणं म्हणजे त्यांचं मरण चिंतणं. आणि त्या दिवशी हांगझोउला तिचा नवरा आणि तिची सासू, दोघंही त्याच मुक्कामात होती, धडधाकट, जेवून उठलेली. आपल्याकडे संतापाच्या टोकाला बाई म्हणते, "तू मला मेलास." तिनं ते तोंडानं म्हटलं की नाही, कुणास ठाऊक. कात्रीनं म्हटलं.

तेही जगातल्या त्या काळच्या सगळ्यात बलाढ्य माणसांपैकी एकाला.

तिनं असं का केलं, हे दरबारानं लिहून ठेवलं नाही. मग लोकांनी लिहिलं. कुणी म्हणालं, सम्राट रात्री वेष पालटून दक्षिणेतल्या कलावंतिणींकडे जात होता आणि हिनं अडवलं. कुणी म्हणालं, लिंगचा हुद्दा वाढवायचं ठरलं होतं. आणि त्याच वर्षी तो खरंच वाढला. गोष्टी रंगतात, मालिकांना उपयोगी पडतात. मला मात्र एका दिवसाचं कारण पटत नाही. कमरेखालची वेणी कापायला बसलेली बाई त्या सकाळच्या भांडणावरून बसलेली नसते. तिच्यामागे वर्षं असतात. हिच्यामागे 17 वर्षं होती, आणि त्या सतराही वर्षांवर एका मेलेल्या बाईची सावली होती.

ती बाई म्हणजे फुचा घराण्याची पहिली सम्राज्ञी. चियानलोंगशी तिचं लग्न 1727 मध्ये झालं, दोघंही पंधरा-सोळा वर्षांची असताना. मोती-पाचू बाजूला ठेवून ती केसांत कापडाची आणि गवताच्या गाभ्याची फुलं घालायची. पूर्वज महाभिंतीपलीकडे राहत तेव्हा हरणाच्या लवीनं कपड्यांना काठ लावत, असं नवरा एकदा बोलून गेला. तिनं ते मनात धरलं आणि चकमक ठेवायची त्याची पिशवी सोन्याच्या तारेऐवजी हरणाच्या लवीनं शिवली. असं सांभाळून ऐकणारं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याचं काय होत असेल, ते मला कळतं. तिचे दोन मुलगे गेले. धाकटा, युंगत्सोंग, दोन वर्षांचाही नव्हता. 1748 च्या सुरुवातीला, चिनी वर्षाच्या शेवटच्या दिवशी देवीनं गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच ती नवऱ्याबरोबर पूर्वेच्या स्वारीवर निघाली. जिनानला आजारी पडली आणि परतीच्या वाटेवर देझोउला होडीतच गेली. 36 वर्षांची होती. ती ज्या होडीत गेली ती होडी बीजिंगमध्ये आणायचा हट्ट सम्राटानं धरला. वेशीतून मावेना, तेव्हा तटावर लाकडी सांगाडा बांधला, त्यावर पालेभाजीची पानं पसरून निसरडं केलं आणि शेकडो माणसांनी ती होडी तटावरून ओढून आत नेली, असं सांगतात. हे वाचताना मला त्या चिरडलेल्या पानांचा वास येतो.

त्या शोकाची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणते. जवळचं माणूस गेलं की मांचू पुरुष 100 दिवस डोकं भादरत नसत. आपल्याकडे दहाव्याला क्षौर करतात, त्यांच्याकडे केस वाढवतात. खूण उलटी, पण दुःख दाखवायची जागा एकच. फुचा गेली त्या वर्षी काही अधिकाऱ्यांनी 100 दिवसांच्या आत डोकं भादरलं. कुणी विसरलं असेल, कुणाला नियम नीट ठाऊक नसेल. सम्राट पेटून उठला. दक्षिणेच्या नद्या-बंधाऱ्यांचा मुख्य अधिकारी झोउ श्वेजियान आणि हुक्वांगचा मांचू सुभेदार, दोघांना जीव द्यायचा हुकूम झाला. स्वतःच्या थोरल्या मुलाला, 20 वर्षांच्या युंगहुआंगला, सावत्र आईसाठी पुरेसा रडला नाहीस म्हणून सम्राटानं भर दरबारात झापलं आणि तख्ताचा वारसा तुला कधी मिळणार नाही असं बजावलं. दोन वर्षांत तोही गेला. आपल्या बायकोसाठी किती दुःख करायचं, हे नवरा दुसऱ्यांच्या डोक्यावरच्या केसांनी मोजत होता.

अशा घरात नारा सम्राज्ञी झाली. अधिकारपद रिकामं ठेवता येत नाही, सम्राटाच्या आईचंही म्हणणं तसंच होतं, आणि ज्येष्ठतेनं हिचा नंबर होता. 1750 मध्ये, शोकाचा काळ संपल्यावर, तिला सम्राज्ञीपदाची सोन्याची सनद आणि शिक्का मिळाला.  त्याच्या आदल्या वर्षी अंतःपुराचा कारभार तिच्याकडे आला, तेव्हा चियानलोंगनं कविता लिहिली. तो आयुष्यभर कविता लिहीत असे, हजारोंनी. तिचा आशय असा की अंतःपुरात आता नवा आनंद आला आहे, आणि मला मात्र उगीचच उदास वाटतं आहे. 1751 मध्ये फुचाच्या पुण्यतिथीला आणखी एक. नवी वीणा काही कमी आहे असं नाही, पण जुन्या तलवारीशी जे सूत जमलं होतं त्यापुढे ती हरते. हे त्यानं चोरून लिहिलं नाही. राजाच्या कविता दरबारी छापून संग्रहात जात. नवी वीणा कोण ते साऱ्या राज्याला कळत होतं. आणि चौदा वर्षांनी तिनं केस कापले ते 'वाजती वीणा' नावाच्या ठिकाणी. हा योगायोग आहे, मला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी त्या नावापाशी येऊन मी थांबते.

मला इथे माई आठवते. आईची आजी, आम्ही सगळे तिला माईच म्हणायचो. वाईला नदीकडच्या आळीत त्यांचं घर होतं. माईला तेराव्या वर्षी दुसरेपणावर दिली. पहिली बाळंतपणात गेली होती. लग्नाच्या दिवशी माईच्या गळ्यात मंगळसूत्रासोबत सोन्याचा एक चपटा टाक पडला, त्यावर दोन पावलं कोरलेली. ती सवत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला हळदकुंकू, मग माईनं घडी मोडायची. सणाला गोड केलं की आधी टाकासमोर, मग पानात. भाद्रपदात अविधवा नवमीला माई पहाटे उठून सवतीसाठी वडे, खीर, आमटी, पंचवीस पदार्थांचा स्वयंपाक करायची, एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. सदतीस वर्षं केलं. आई सांगायची, खीर ढवळताना माई कधी कधी टाक मुठीत धरायची, घट्ट. प्रेमानं की दुसऱ्या कशानं, ते कळायचं नाही. ती पहिली वारली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि माई साठीला आली तरी ती सोळाचीच राहिली. म्हातारं होत गेली ती माई. कढत तव्याचे डाग माईच्या हातावर, आणि गोडव्याची गोष्ट निघाली की आजोबांच्या तोंडी नाव तिचं.

आजोबा गेले तेव्हा आई सहा वर्षांची होती. मागच्या पडवीत न्हावी आला. दार लोटलेलं होतं, फटीतून आईला माईची पाठ दिसत होती आणि खाली पडलेले केस. वस्तऱ्याचा आवाज तिला पुढे सत्तर वर्षांनीही आठवायचा. माईनं लाल अलवण नेसलं, टाक देवघरातल्या डबीत गेला, आणि अविधवा नवमी थांबली, कारण नवरा असेपर्यंतच ती करायची असते. पुष्कळ वर्षांनी, आई कॉलेजात असताना, माई एकदा तिच्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली होती, "केस गेले त्याचं काही नाही ग. पण मला कुणी विचारलं नाही."

नाराला तीन मुलं झाली. मुलगी दोन-तीन वर्षांची होऊन गेली, धाकटा मुलगा तान्हाच गेला. राहिला तो युंगजी, 1752 चा. वसंतात रेशमाच्या किड्यांच्या देवीची पूजा असे, तेव्हा सम्राज्ञी सोन्याच्या आकड्यानं तुतीची पानं तोडी आणि पिवळ्या टोपलीत ठेवी. बीजिंगच्या त्या वेदीवर हा मान पहिल्यांदा फुचानं घेतला होता. आता तो नाराकडे आला. वर्षाला 1000 लियांग चांदी, हाताखाली 10 दासी. एक लियांग म्हणजे आपल्या तीन तोळ्यांहून थोडं जास्त. तिच्या खालच्या राण्यांना त्याहून कमी, उतरत उतरत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईला वर्षाला 30 लियांग आणि 2 दासी. सगळं मोजून-मापून, घराचं नाही, कचेरीचं असावं तसं. त्या कचेरीत ती पंधरा वर्षं काम करत राहिली. तिच्याविरुद्ध एक अवाक्षर त्या वर्षांच्या दप्तरात नाही. मला वाटतं, तेच तिचं दुखणं होतं. तक्रार करावी असं काही नव्हतं. सगळं रीतीनं मिळत होतं आणि तिच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक गोष्टीला आधी दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला होता.

केस कापल्यानंतर तिला लगेच पाण्याच्या वाटेनं बीजिंगला परत धाडलं. सोबत कोण पाठवावं? फुलोंगआन. सम्राटाचा जावई, विशीच्या आतबाहेरचा पोरगा. आणि फुचाच्या सख्ख्या भावाचा, फूहेंगचा मुलगा. म्हणजे ज्या सवतीच्या सावलीत ती सतरा वर्षं राहिली, तिचाच भाचा तिला पहाऱ्यात घेऊन चालला होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. होडीतल्या त्या कोठडीत बसून ती त्या मुलाच्या चेहऱ्यात आत्याची ठेवण शोधत असेल का? डोक्यावर ओढलेल्या कापडाखाली आखूड, वेड्यावाकड्या कापलेल्या केसांची टोकं मानेला टोचत असतील. कालव्याच्या काठावर चैत्रातला मोहरीचा पिवळा रंग असेल. दक्षिणेत येताना तिनं तो उजव्या हाताला पाहिला असेल, आता डाव्या हाताला.

सम्राट मागून सावकाश उत्तरेकडे निघाला. वाटेत जिनान लागलं. याच शहरात फुचा आजारी पडली होती. त्यानंतरच्या स्वाऱ्यांत तो या शहराला वळसा घालून जायचा, आत पाऊल टाकायचा नाही. या वेळीही टाकलं नाही, आणि त्यावर कविता लिहिली. चौथ्यांदा जिनानच्या बाहेरून चाललो आहे, आत गेलो तर शंभर दुःखं जागी होतील. त्या वसंतातल्या ताटातुटीला सतरा वर्षं झाली, तरी मन निवत नाही. तारीख पाहावी. 1765 चा वसंत. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्या जिवंत बायकोनं त्याच्या नावानं केस कापले होते, आणि ती त्याच वाटेनं पुढे, पहाऱ्यात गेली होती. कवितेत तिच्याबद्दल एक शब्द नाही. मला ही कविता सुंदर वाटते, अगदी खरी वाटते, आणि तिचा रागही येतो. दोन्ही एकदम होतं. त्या माणसाचं फुचावरचं प्रेम खोटं होतं असं मला कधी म्हणता येणार नाही. पण एखाद्याच्या खऱ्या प्रेमाखाली दुसरं माणूस किती वर्षं चिरडत जाऊ शकतं, ते त्या दोन ओळींत दिसतं.

त्या उन्हाळ्यात तिच्या चार सनदा काढून घेतल्या. सम्राज्ञीची, तिच्या आधीच्या पदाची, त्याच्या आधीची, आणि त्याच्याही आधीची, म्हणजे ती पहिल्यांदा राणी झाली तेव्हाची. 1737 पासूनची सगळी पायरी न् पायरी. कागदोपत्री तिला पदच्युत केलं नाही. ते केलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. दासी उरल्या दोन. तिनं आयुष्यात सगळ्यात खालच्या पायरीवरच्या किती बायकांना हुकूम सोडले असतील, आता तिच्या दासी त्यांच्याइतक्याच. पुढचं एक वर्ष ती बीजिंगच्या राजवाड्यात होती. त्या वर्षातलं तिचं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. केस परत वाढले असतील. केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढे वाढतात. एका वर्षात खांद्यापर्यंत आले असतील.

19 ऑगस्ट 1766. चिनी पंचांगात सातव्या महिन्याची चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, पितरांची. त्या रात्री लोक पाण्यात दिवे सोडतात, वाट चुकलेल्या जिवांना उजेड म्हणून. नारा त्याच्या आदल्या दिवशी गेली. सम्राट शिकारीच्या दौऱ्यावर होता. तो परतला नाही. तिचा चौदा वर्षांचा मुलगा युंगजी तेवढा परत पाठवला. अंत्यविधी सम्राज्ञीचा करू नये, खालच्या राणीचा करावा असा हुकूम आला, आणि प्रत्यक्षात तेवढाही झाला नाही. एकूण खर्च 207 लियांग. सम्राज्ञीला वर्षाला मिळायचे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. तिला स्वतःचं थडगं मिळालं नाही. बीजिंगच्या पूर्वेला चिंग घराण्याच्या स्मशानभूमीत, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या दुसऱ्या एका राणीच्या तळघरात, मधोमध नाही, बाजूला तिची पेटी ठेवली. नावाची पाटी नाही, मरणोत्तर पदवी नाही, वर्षश्राद्धाचा नैवेद्य नाही. ली युमिंग नावाच्या एका अधिकाऱ्यानं अर्ज केला की सम्राज्ञी गेली आहे, रीतीप्रमाणे सुतक तरी पाळावं. त्याला पार पश्चिमेच्या टोकाला, ईलीला हद्दपार केलं. त्याचा चेहरा, आवाज, घरदार आपल्याला ठाऊक नाही; पण त्या दिवसांत तिच्यासाठी बोललेल्या माणसांत त्याचं नाव उरलं, म्हणून मी ते इथे मुद्दाम लिहिते आहे.

आपण केस कापले हे जगाला तिनं सांगितलं नाही. ते कळलं नवऱ्यामुळे, बारा वर्षांनी. 1778 मध्ये जिन त्सोंगशान नावाच्या एका साध्या माणसानं वाटेत सम्राटाला अर्ज दिला, त्यात वारस नेमा आणि सम्राज्ञी नेमा असंही होतं. त्याचं डोकं उडवलं. पण त्याला उत्तर देताना सम्राटाला बोलावं लागलं. आमच्या मांचू रीतीत केस कापणं सगळ्यात निषिद्ध, तरी तिनं ते बेधडक केलं. तरीही मी सहन केलं, तिला काढून टाकलं नाही. अशा आशयाचं तो बोलला. ते मी पुन्हा पुन्हा वाचते. 67 वर्षांचा माणूस, सगळं जग मुठीत, बाई मरून बारा वर्षं झालेली, आणि तरी तो स्वतःची बाजू मांडतो आहे. कर्र कर्र तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता, असं मला वाटतं. तिच्यानंतर त्यानं कुणालाही हयातीत सम्राज्ञी केलं नाही.

तिच्या त्या कात्रीनंतर तीन वर्षांनी, 1768 मध्ये, त्याच हांगझोउजवळच्या देछिंग गावातून एक अफवा उठली की कुणी तरी वाटसरूंच्या वेण्या कापून त्यांचे आत्मे चोरतं आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण राज्यभर भिकारी, भिक्षू, फिरस्ते पकडले गेले, छळले गेले आणि सम्राट स्वतः त्या तपासात बुडाला. कापलेल्या केसांची त्या काळी किती धास्ती होती, ते यावरून दिसतं.

तिचं चित्रही नाही. क्लीव्हलँडच्या संग्रहालयात एक लांब रेशमी गुंडाळी आहे, इटलीहून आलेल्या चित्रकाराचा हात लागलेली. त्यात चियानलोंग, त्याच्या शेजारी फुचा, आणि मग एकीमागून एक अकरा राण्या. सगळ्या तशाच बसलेल्या, तशाच टोप्या, प्रत्येक कानात तीन-तीन मोती, रेशमाच्या त्याच घड्या. मी ती संगणकाच्या पडद्यावर बोटानं सरकवत शेवटपर्यंत पाहिली आहे. तेरा चेहरे. त्यांत नारा नाही. तिचा मुलगा युंगजी बिनपदाचा, चोविसाव्या वर्षी गेला. सम्राट मेल्यावर, 1799 मध्ये, सावत्र भावानं त्याला मरणोत्तर एक पदवी दिली. आईला तेव्हाही नाही.

परवा मंडईत त्या बाई दिसल्या. गवारीच्या ढिगासमोर उभ्या, एकेक शेंग मोडून पाहत होत्या. केस मानेपर्यंत, नीट विंचरलेले, आणि जिथे वेणी असायची तिथली कातडी बाकीच्या मानेहून उजळ, ऊन न लागलेली. त्यांनी मला ओळखलं, हसल्या. मी धीर करून विचारलं, "वेणीचं काय केलंत?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "कपाटात. लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलीय." मग भाजीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "अर्धा किलो दे, कोवळी बघून."